निरंक

राजापेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना 'शरीरावरील ओळखखूण' हा रकाना आला आणि माझा हात थांबला.

मी नववीत होतो. कामासाठी अकोल्याला गेलेले बाबा दोन दिवस परतलेच नव्हते. चौकीत हवालदारानं आईला विचारलं, "तीळ, वण, गोंदण, काय आहे त्यायले?"

आई पदर पिळत राहिली. नवऱ्याकडे टक लावून पाहायची आमच्याकडे रीतच नव्हती. शेवटी म्हणाली, "घरात येताना दारातच दोनदा खाकरतेत."

"बाई, हे लिहाले जागा नाही." त्यानं 'निरंक' लिहिलं. मला आईची लाज वाटली.

बाबा अकोल्यातच, जठारपेठेत मित्राकडे तापानं पडून होते. तिसऱ्या संध्याकाळी दाराशी दोनदा खाकरणं ऐकू आलं. आई चुलीपासून वळलीही नाही. नुसती म्हणाली, "आले."

दुकानात मी मुलीच्या हातावर, मानेवर तीळ शोधत राहिलो.

"बाबा, काहून असे पाहून राहिले?"

ती रोज क्लासहून घरी येते. येते तेव्हा मला काय ऐकू येतं, ते आठवून पाहिलं. काहीच आठवेना.