आभार मानायची पाळी

गळिताचा हंगाम सुरू झाला की रहिमतपुरातल्या संध्याकाळींना एक जड, गोडसर वास येतो. चेचलेल्या उसाचा, ओल्या मातीचा आणि ट्रॅक्टरच्या धुराचा मिळून झालेला. आमच्या मंडळाची मासिक सभा भरते त्या हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून हा वास आणि हेमंतातलं कलतं, मधाळ ऊन एकदमच आत येतं, आणि तेवढा वेळ तरी आम्हा पांढऱ्या डोक्यांच्या रांगा सुंदर दिसतात. मग वक्ते येतात.

मंडळ निवृत्तांचं आहे. महिन्यातून एकदा जमायचं, पोहे-चहा व्हायचा आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याने आम्हाला इतिहास किंवा राजकारण समजावून सांगायचं, असा शिरस्ता. मध्यंतरी आरोग्यावरची व्याख्यानं ठेवून पाहिली, पण लोक झोपले. इतिहासाला ते जागे राहतात, कारण त्यात आवाज मोठा असतो. या वक्त्यांना मी बरीच वर्षं न्याहाळत आलो आहे. निवडणूक दूर असली की ते इतिहासाचे अभ्यासक असतात, जवळ आली की राजकीय विश्लेषक. गळ्यातलं उपरणं तेच राहतं. ज्या लढाईविषयी कागदांत दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही, तिच्यातल्या घोड्याच्या मनात काय चाललं होतं हेही त्यांना ठाऊक असतं. गावाचं नाव आदल्या संध्याकाळी फोनवर पुन्हा एकदा विचारून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या मातीपुढे त्यांचा कंठ दाटून येतो. हे सारं मी शेजारी बसणाऱ्या इलाहीभाईंच्या कानात सांगतो आणि ते पोट धरून, पण आवाज न करता हसतात. पाण्याच्या मोटारींचं दुकान मुलांच्या हाती देऊन ते मंडळात आले, तेव्हापासून खिडकीजवळच्या दोन खुर्च्या आमच्या ठरलेल्या.

मार्गशीर्षातल्या त्या सभेचे वक्ते, खंडाळा सोडलं, खंडाळा सोडलं असं पुनःपुन्हा कळवत अखेर येऊन पोचले. आमचे अध्यक्ष, ज्यांना फौजेतल्या नोकरीमुळे सगळे सुभेदारसाहेब म्हणतात, त्यांनी स्वतः त्यांना फेटा बांधला. फेट्याने माणसाची उंची वाढते आणि आवाजही, असा माझा अनुभव आहे. थोड्याच वेळात कित्येक शतकांच्या त्या गजबजलेल्या, गुंतागुंतीच्या, परस्परांचं देणं-घेणं असलेल्या जगात दोनच माणसं उरली: आपण आणि ते. 'आपण' म्हणताना वक्त्यांचा हात छातीवर जाई; 'ते' म्हणताना बोट खिडकीच्या दिशेने सुटे. त्यात हेतू नव्हता. व्यासपीठावर वावरून हाताला लागलेली ती सवय होती, आणि दुसऱ्या एखाद्या गावात त्या बोटासमोर नुसता खांब येत असेल. इथे खिडकीजवळ बसलेले इलाहीभाई आले.

त्यांनी जाळलं, आणि बोट. त्यांनी लुटलं, आणि बोट. बाहेरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली तेव्हा वक्ते थांबले, पण बोट तसंच ताणलेलं राहिलं. आणि त्या थांबलेल्या क्षणी पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून त्या बोटाच्या टोकापर्यंत वळली, आणि इतक्या घाईने परतली की ते वळण्याहूनही वाईट दिसलं. पुढच्या खुर्चीतले तात्या, उसाचे मोठे बागायतदार आणि स्वभावाने खरोखर प्रेमळ, मागे वाकले.

"भाई, मनाला लावून घिऊ नका. त्ये तुमाला म्हणत न्हाईत. तुमी आपल्यातलं हायसा."

"व्हय तात्या, कळतंय मला," इलाहीभाई म्हणाले. "बोट तेवढं हिकडं हाय."

मी त्यांच्या कानात सांगण्यासारखं काहीतरी शोधत होतो. सापडलं नाही.

आमच्याकडे एक प्रथा आहे. ज्या सभासदाचा वाढदिवस त्या महिन्यात येतो, त्याला गुलाबाचं फूल द्यायचं आणि आभार मानायला त्यालाच उभं करायचं. त्या महिन्यात वाढदिवस इलाहीभाईंचा एकट्याचाच होता, हे व्याख्यान संपताना सुभेदारसाहेबांच्या ध्यानात आलं. ते लगबगीने आमच्यापाशी आले.

"भाई, बरं वाटत नसंल तर मी मानतो आभार."

"मला काय झालंय? वाढदिवस हाय माझा."

ते उठले, सदरा सारखा केला आणि माइकपाशी गेले. तात्यांनी मान खाली घातली होती. या माणसाला आता कुठलं वाक्य बोलावं लागणार, आणि ते बोलून झाल्यावर तो पुन्हा या हॉलची पायरी चढेल का, एवढंच माझ्या मनात होतं.

"मंडळी, हॉल झाडला त्या मंदाताईंचं आभार," इलाहीभाई म्हणाले. "माइकवाल्या संतूचं आभार; आवाज लय चांगला लागला, सगळं नीट आयकू आलं. पोह्यात ह्या येळंला शेंगदाणं होतं, त्येचं आभार आचाऱ्याला. डोळ्यावर ऊन याय लागलं तवा सुभेदारसायबांनी उठून पडदा वढला, त्यांचं आभार. आन तुमी सगळी एवढा येळ बसलासा, तुमचं तर लयच."

त्यांनी माइक ठेवला.

"आवं भाई," सुभेदारसाहेब अर्धवट उठत म्हणाले, "पावण्यांचं राहिलं की."

"राहिलं न्हाई, सायब. त्ये तुमी माना. मी आपल्या गावातल्यांचं मानलं."

मग टाळ्या पडल्या. जाळल्या-लुटल्याच्या वाक्यांना पडल्या होत्या तेवढ्याच जोरात, त्याच हातांनी. वक्त्यांविषयीची माझी सारी तुच्छता त्या क्षणी फिकी पडली. ते निदान स्वतःचं बोलणं तरी ऐकत होते; टाळ्या वाजवणारे आम्ही कुणाचंच ऐकत नव्हतो.

अर्थात आभार चालू असताना वक्ते फोनमध्ये होते. सभा मोडल्यावर इलाहीभाईंना हात देत म्हणाले, "वा! फार मनापासून बोललात. नाव काय आपलं?" नाव ऐकल्यावर चेहरा क्षणभर रिकामा झाला आणि मग अधिकच उजळला. "अरे वा! मराठी काय सुंदर बोलता हो तुम्ही!"

"तुमीबी बरं बोलता की," इलाहीभाई म्हणाले.

बाहेर उन्हाचा रंग उतरून गारठा पसरू लागला होता. ते स्कूटरवर बसले, पण ती सुरू करेनात. मी वक्त्यांच्या फेट्यावरून एक वाक्य टाकलं. एरवी ते खपलं असतं. ते हसले नाहीत. मग मी सरळच विचारलं, "पुढच्या महिन्यात येणार ना?"

त्यांनी स्कूटरला किल्ली लावली. "तुमचा वाढदिवस कवा असतो?"

"पुढल्याच महिन्यात."

"मग येतो," ते म्हणाले. "तुमी काय बोलता त्ये आयकायला."

ते गेल्यावर मी घराकडे चालू लागलो. इतक्या वर्षांत वक्त्यांवर केलेले माझे सगळे शेरे चालता चालता आठवत गेलो; एकेक घासून-पुसून केलेला, धारदार, मला स्वतःला फार आवडलेला. मात्र प्रत्येक शेरा एका कानाच्या मापाचा होता. भरल्या हॉलमध्ये, उभं राहून, सगळ्यांच्या तोंडावर बोलता येईल असं त्यांत एखादं वाक्य आहे का, ते मी घर येईपर्यंत शोधत होतो.