दाजींचा भुंगा

झाड तोडण्यापेक्षा झाडापासून पळण्याचा सराव ज्यानं अधिक केला, असा माणूस साऱ्या सातारा-सांगली मुलखात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. वडूजच्या अलीकडं त्यांचं गाव. त्या माळावर चार बाभळी आणि दोन लिंब सोडले तर सावली अशी नव्हतीच. महायुद्ध संपल्यावर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून हवालदार होऊन परतलेल्या या माणसानं अशा गावात आणावं काय, तर झाडं कापायचं यंत्र. पुण्याला लष्कराच्या जुन्या सामानाची विक्री निघाली होती, तिथून ते त्यांनी उचललं. पेट्रोलवर चालणारी, दोघांनी धरायची साखळीची करवत होती ती. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला नुसती मूठ, आणि मध्ये पुरुषभर लांबीची लोखंडी पट्टी. तिच्या कडेनं दातांची साखळी गरगर फिरायची. तिचा आवाज ऐकून पहिल्याच दिवशी गावानं तिचं नाव भुंगा ठेवलं. अक्का म्हणाली, "लोकांच्या मालकांनी लढाईवरनं ट्रंका आणल्या, रेडू आणलं. आमच्यांनी भुंगा आणला."

मी तेव्हा मॅट्रिक होऊन नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो, त्यामुळं भुंग्याची दुसऱ्या टोकाची मूठ माझ्या हातात आली. पुढं मी मास्तर झालो, हेडमास्तर होऊन निवृत्त झालो, आणि या साऱ्या काळात दाजींचे किस्से सांगून मी शेकडो माणसं हसवली. लग्नात, बारशात, शाळेच्या सहलीत, एकदा तर दाजी समोर बसलेले असताना. तेही हसले. त्या किश्श्यांतली एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी गाळत आलो. आता सांगतो आहे तो किस्सा तोच, पण सबंध.

दाजींचं पहिलं तत्त्व असं, की झाडाला हात लावण्याआधी पळवाट आखायची. झाड ज्या दिशेला पडणार तिच्या उलट, जरा तिरकी, वीस पावलांची. एक त्यांची, एक माझी. तिच्यावरचे दगडधोंडे, काट्याकुट्या सगळं वेचायचं, मग त्या वाटेनं एकदा चालत जायचं, एकदा पळत, आणि शेवटी मान मागं वळवून वर बघत पळत. झाड अजून जागच्या जागी उभं, आणि दोन बाप्ये त्याच्यापासून जीव घेऊन पळताहेत, हे बघायला गाव लोटायचं. एका शेतात मालकाच्या म्हाताऱ्या आईनं लेकाला विचारलं, "ह्यो झाडाला येवढा भितोय, तर दुसरा कुनी न्हाई व्हय रं गावला?" दाजी थांबले, म्हातारीला रामराम घातला आणि म्हणाले, "आजी, न भिणारी समदी तिकडंच ऱ्हायली ब्रह्मदेशात." आणि पुन्हा पळाले.

दुसरं तत्त्व कपड्यांचं. भुंग्याजवळ धोतर, उपरणं, फेट्याचा लोंबता शेमला, यांतलं काही चालायचं नाही. स्वतः ते लष्करी पँट घालत आणि तिचे पाय सुतळीनं घोट्याशी बांधत. मलाही तसंच बांधत. एका गावचे पाटील कौतुकानं अगदी जवळ आले. दाजींनी इंजिन बंद केलं, साखळी पुरती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि अदबीनं म्हणाले, "पाटील, एक तर तुमी लांब व्हा, न्हाईतर धोतार लांब करा." पाटील लांब झाले. त्या गावानं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

तिसरं पेट्रोलचं. पेट्रोल तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि दाजी ते तीर्थासारखं थेंब न सांडता ओतायचे. पण तापलेल्या इंजिनावर कधीच नाही. यंत्र थंड व्हायला किती वेळ लागतो, याचं त्यांचं माप एक बिडी. तीस पावलं लांब जायचं, एक बिडी ओढायची, विझवून मातीत पुरायची, मग परत. माधवनगरजवळ एका जैन शेतकऱ्याकडं मुक्काम करून आम्ही बांधावरच्या बाभळी काढायला जात असू. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हवालदार, आमच्या रानात बिडी चालत न्हाई बघा." दाजी म्हणाले, "बरं." पेट्रोल भरायची वेळ झाली तसे ते तीस पावलं लांब जाऊन बसले, दोन रिकामी बोटं ओठांशी धरली आणि झुरके घ्यायला लागले. अण्णा जवळ गेले. "हे काय चाललंय?" "यंत्र थंड हुतंय." अण्णा हिशेबी माणूस, पण विनोदाला पक्का. पाच मिनिटांनी त्यांनी लांबूनच हाक मारली, "कुठवर आली?" दाजींनी बोटांकडं बघितलं आणि म्हणाले, "निम्मी."

घरीही तेच. विळी वापरून झाली की तिचं पातं मिटवून पाठ भिंतीकडं करून ठेवायची. चुलीवरचं भांडं उतरवताना अक्कानं "गरम!" असं तीनदा ओरडायचं, घरात दुसरं कुणी असो वा नसो. अक्का वैतागायची. "आवं, मांजर बी न्हाई घरात. कुनाला सांगू?" "सवय मोडती," दाजी म्हणत, आणि ती बिचारी रिकाम्या घरात ओरडायची.

पण लोक आम्हाला बोलवायचे ते नारळासाठी. झाड तोडायच्या आधी नारळ फोडायचा, ही आपल्याकडची रीत. दाजी तो हातानं फोडत नसत. झाडाभोवती दोन चकरा मारून, फांद्यांचा भार बघून, चिमूटभर माती वाऱ्यावर सोडून ते पावलं मोजत जायचे आणि लांब एका दगडावर नारळ ठेवायचे. झाड पडायचं ते त्या नारळावर, आणि फोडायचं ते झाडच. या खेळामागचं शास्त्र त्यांनी मला समजावलं होतं. पडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची. मग मागच्या बाजूनं आडवा काप न्यायचा, पण आरपार नाही. मध्ये चार बोटं लाकूड ठेवायचं. ती झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं, तसं झाड त्या चार बोटांवर फिरतं आणि सांगितलेल्या जागी जातं. काप जर वरखाली गेला, तर बिजागरी राहत नाही, आणि मग झाड आपल्या मर्जीचं. मी पाहिलेले सतरा नारळ झाडांनी फोडले. खोबरं वाटताना दाजींचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

काप सरळ जायचा तर साखळीचे दात दोन्ही बाजूंनी सारखे धारदार हवेत. साखळीतले निम्मे दात डावीकडं वळलेले, निम्मे उजवीकडं. उजवे दात दाजी कानसायचे, डावे मी. दर दाताला पाच हात, कानस पुढं जाताना दाबायची, येताना उचलायची. सकाळी काम सुरू करण्याआधी ते यंत्राचा प्रत्येक नट बघत, टाकी बघत, झाडावर मधाचं पोळं आहे का बघत, आकाश बघत. शेवटी माझ्याकडं वळून विचारत, "पावणं, तुमची बाजू झाली?" मी म्हणायचो, "झाली, दाजी." तेवढं पुरायचं. सारं जग तपासणाऱ्या या माणसानं माझे दात एकदाही तपासले नाहीत. मी एकदा विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "भुंगा चालू झाला की तुमी मला दिसत न्हाई. मधी झाड असतंय. पलीकडच्याची खात्री करत बसलो, तर माझा हात सुटंल."

अण्णांच्या रानात विहिरीपासून थोड्या अंतरावर एक जुनी, पोकळ होत आलेली चिंच होती. ती काढायचं ठरलं तेव्हा माधवनगरच्या एका गिरणीचा लाकूड बघणारा माणूस बघायला येणार होता. काम पसंत पडलं, तर वर्षभर गिरणीच्या बॉयलरला लाकूड पुरवायचं आमच्याकडं येणार होतं. दाजींना तेवढंच हवं होतं. शेती त्यांना कधी जमली नव्हती. भुंगा जमला होता.

आदल्या दिवशी शेवटची बाभूळ बुंध्याशी आडवी कापताना माझं टोक खाली गेलं आणि साखळी दगडाला घासली. ठिणग्या उडाल्या. खालच्या बाजूचे दात, म्हणजे माझे डावे, बोथट झाले. दाजी रागावले नाहीत. "आज जरा बसून कानसा. पाच न्हाई, धा हात," म्हणाले आणि आपले उजवे दात घेऊन बसले. त्या दिवशी सांगलीत कुस्त्यांचं मैदान होतं. मी म्हणालो, आल्यावर करतो. दाजी म्हणाले, "जावा की. तुमची बाजू तुमची." मी आलो तेव्हा शेवटच्या कुस्तीचीच नशा होती, जेवलो आणि झोपलो. सकाळी उठून समोरचे सात-आठ दात कानसले आणि बाकीचे रॉकेलच्या बोळ्यानं पुसून चकाकवले.

"पावणं, तुमची बाजू झाली?"

"झाली, दाजी."

त्या दिवशी दाजींनी पळवाटा आखल्या, चार दिशांना तीनतीनदा ओरडले, आणि विहिरीवरची चालू मोट बंद करायला लावली. अण्णा कुरकुरले. "झाड पडणार तिकडं, आणि पाणी माझं तोडता व्हय? उसाला पाळी हाय आज." दाजी म्हणाले, "बैलं सोडा, माणूस लांब करा, मगच भुंगा चालू हुईल." बैलं सोडली. नारळ विहिरीच्या अगदी उलट बाजूला, मोकळ्या रानात ठेवला.

काप अर्ध्यावर गेला तेव्हा मला माझ्या बाजूनं दिसलं, की भुसा खरखरीत पडायचा तो पिठासारखा पडतो आहे. धार नाही याची ती खूण. दाजींचा नियम होता, की दोघांपैकी कुणीही "थांबा" म्हटलं की भुंगा थांबलाच पाहिजे, कारण न विचारता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. गिरणीचा माणूस बघत होता. मी बोललो नाही.

वरचे दात धारदार, खालचे बोथट. धारेच्या ओढीनं काप हळूहळू वर चढत गेला. बिजागरीच्या जागी लाकूड उभं फाटलं, चिंच क्षणभर जागच्या जागी थरथरली, अर्धी फिरली आणि गेली ती थेट विहिरीवर. मी पळवाटेवरून पळालो; वाटेत एक खडासुद्धा नव्हता, म्हणून आज हे लिहितो आहे. मोटेचं पाणी जिथं ओततात ते सारं चिरेबंदी थारोळं विहिरीत गेलं. रोज जिथं मोटकरी आणि बैलजोडी असायची तिथं बुंधा पडला होता. माणसाला, जनावराला खरचटलंसुद्धा नाही. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांच्या ध्यानात आला तो मोकळ्या रानात दगडावर तसाच बसलेला नारळ. कुणीतरी ओरडलं, "हवालदार, नारळ वाट बघतुया!" आणि हशा पिकला. गिरणीचा माणूस सायकलवर बसून गेला.

दाजी बुंध्याच्या थोटापाशी उकिडवे बसले. वर चढत गेलेल्या कापावरून त्यांनी बोट फिरवलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. ब्रह्मदेशातल्या हिवतापानं तो कधीमधी किंचित कापायचा, ते मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "माझा हात कलला, पावणं. हात गेला माझा." मी उभा होतो. त्या वेळी दोन शब्द पुरले असते.

त्यांनी अठरा दिवस राबून अण्णांचं थारोळं पुन्हा बांधून दिलं. भुंगा पेटीत गेला, साखळी ग्रीसमध्ये बुडवून एका डब्यात, आणि डब्याचं झाकण त्यांनी डाग देऊन बंद केलं. दर खंडेनवमीला पेटीवर आणि डब्यावर हळदकुंकू वाहायचे, पण उघडलं कधी नाही. त्यानंतर ते स्वतःची दाढी करेनात, न्हावी बोलवत. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरत. माझ्या किश्श्यात मी याची नक्कल हुबेहूब करायचो. अक्काला नातू झाला तेव्हा सगळे म्हणाले, घ्या की. दाजी आधी जमिनीवर मांडी घालून बसले, भोवती गोधड्या लावून घेतल्या, मग म्हणाले, "आता द्या मांडीवर." नातवाला त्यांनी उभ्यानं कधीच घेतलं नाही. तो हात मरेपर्यंत तसाच होता, जेवढा पहिल्यापासून कापायचा तेवढाच. माझ्याकडून आलेल्या पत्राचं उत्तर ते सुवाच्य अक्षरात द्यायचे.

ते गेल्यावर वर्षभरानं अक्कानं मला तो डबा दिला. "तुझं नि त्यांचं काम हुतं ह्ये. तूच ठेव." मी तिच्याच सोप्यात बसून झाकण कापलं, ग्रीस पुसलं आणि दातांवरून बोट फिरवलं. उजवे दात आज कानसल्यासारखे. डावे, ते सात-आठ सोडले तर, बोथट; एकाचं टोक उडालेलं. त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी "झाली" म्हणालो होतो ना.

मग मी अक्काला सगळं सांगितलं. ती चौकटीला टेकली. "येवढं त्यांना सांगायचं हुतंस, रं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी पेटीतली कानस काढली आणि पहिल्या डाव्या दातावर ठेवली. पुढं जाताना दाबायची, येताना उचलायची. दर दाताला दहा हात.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "गरम! गरम! गरम!" अक्का चहा घेऊन बाहेर आली. लोखंडाचा कीस उडेल म्हणून कप तिनं माझ्यापासून चांगला लांब ठेवला. माझ्या हातांकडं बघत उभी राहिली, आणि तिनं विचारलं, "झाली का तुझी बाजू?"

मी म्हणालो, "अजून न्हाई, अक्का."