एसटी येईपर्यंत

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापकांची बैठक भरली की एक ठराव हमखास येतो. पहिला तास अर्धा तास उशिरा ठेवावा, कारण खेड्यांवरून मुलींना आणणारी एसटी घंटेनंतर पोचते. वनस्पतिशास्त्राच्या जोशीबाई तो मांडतात, आम्ही सगळे हात वर करतो, शिफारस संस्थेकडे जाते आणि तिथेच मुरते.

काल पहिली घंटा झाल्यावर व्हरांड्यातून जात होतो. बाई वर्गाच्या दारात हजेरीपट घेऊन उभ्या होत्या, नजर फाटकाकडे. पुढच्या दारात गणिताचे सर, तसेच. प्राचार्य समोरून आले आणि घड्याळाकडे न बघता निघून गेले.

"तास सुरू नाही केलात?" मी विचारलं.

"केलाय की. हजेरी चाललीय."

मला हसू आलं. वरून मंजुरी येईल तेव्हा येईल. आमचा ठराव रोज सकाळी असा दारात उभा असतो.

एवढ्यात एसटी आली. मुली धापा टाकत धावत सुटल्या.

"सावकाश या गं," बाई म्हणाल्या, "तुमची नावं अजून यायचीत."