उबेतली टाच

माझ्या भाचीचं, रेवतीचं, बाळ बघायला दवाखान्यात गेले. बाळ चांगलं गुटगुटीत होतं. "दृष्ट काढा हो," मी तिच्या सासूबाईंना म्हटलं. रेवती मात्र हसली नाही. गरोदरपणात तिला मधुमेह झाला होता. पोटात जादा साखरेला सरावलेल्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, म्हणून दूध पाजण्याआधी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासत होते.

सिस्टर येताना दिसल्या तशी तिने दुपट्यातून बाळाचा पाय काढला आणि इवलीशी टाच मुठीत धरून बसली.

"काय करतेस गं?"

"ऊब देतेय, मावशी. गार असलं की रक्त येत नाही, पुन्हा टोचावं लागतं. माझं असंच व्हायचं."

तिच्या बाळासाठी म्हणून मी हौसेने झबली शिवत होते, तेव्हा ही रोज स्वतःला टोचून घेत हे शिकत होती.

सुई लागली, बाळ कळवळलं, पण थेंब लगेच आला. साखर ठीक होती. रेवतीने त्याला पदराखाली घेतलं. तिच्या बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. त्यातलंच एक बोट घट्ट धरून बाळ दूध पीत होतं.