बेटाची रंगीत तालीम

आमच्या नाटक मंडळीत चाळीस वर्षं एक माणूस असा होता, ज्याचं नाव एकाही जाहिरातीत आलं नाही आणि ज्याच्यावाचून एकदाही पडदा वर गेला नाही. त्याला सगळे मॅनेजर म्हणत. त्याची बायकोसुद्धा. घरी कोणी आलं की वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "मॅनेजर, साखर आहे का बघा." ते बघायचे आणि ती किती दिवस पुरेल तेही सांगायचे.

मॅनेजर विंगेत उभे राहत. बसत नसत. बसलेला माणूस उठायला उशीर करतो, असं त्यांचं मत. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात घंटा, खिशात खडू. खुर्ची कुठे ठेवायची, तलवार कुठे पडायची, मी मूर्च्छा येऊन कुठे कोसळायचं, या सगळ्याच्या खुणा ते खडूने करून ठेवत. मी आयुष्यात शेकडो वेळा मूर्च्छित पडले आणि एकदाही डोकं आपटलं नाही. याचं श्रेय माझ्या अभिनयाला देणारे समीक्षक भेटले तेव्हा मी गप्प बसले. ते पाप माझ्याच डोक्यावर आहे.

दौऱ्याची सगळी व्यवस्था त्यांची. कोणाला खिडकीजवळची जागा, कोणाला घोरणाऱ्यापासून लांबची खोली, कोणाला सकाळी उठल्या उठल्या कोणाचं तोंड बघायचं नाही, सगळं त्यांना पाठ. आम्ही गाडीने पुढे जायचो आणि ते सेटच्या ट्रकमधून, पेटाऱ्यांवर पाठ टेकून, मागून यायचे. आम्ही हातपाय धुऊन चहा मागेपर्यंत हजर. ते कसे आले, जेवले का, असं कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला वहिनी यायच्या. पाचव्या रांगेत दोन जागा राखलेल्या असत. "तू बस, मी आलोच," असं म्हणून मॅनेजर जे जायचे ते सामान ट्रकमध्ये चढल्यावरच सापडायचे. शेजारच्या खुर्चीवर वहिनी पर्स ठेवत. "तुमचं प्रत्येक नाटक माझ्या पर्सने पाहिलंय," असं त्या मला सांगत, "आणि तिला दोनच आवडली."

मंडळी बंद झाली, मॅनेजर घरी बसले. म्हणजे घरी उभे राहिले. दर रविवारी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ लावायचं, एवढंच काम उरलं. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा विमा कंपनीत असलेल्या मुलाने जाहीर केलं, "बाबा, आपण सगळे आठवडाभर बेटावर जाऊ. निळं पाणी, नारळाची झाडं. तुम्ही फक्त यायचं."

"आणि व्यवस्था?"

"हॉटेलवाले बघतील की."

"तुझ्या आईला उशी किती उंच लागते, हे हॉटेलवाल्यांना ठाऊक आहे?"

मुलगा समंजस. त्याने तिथेच शस्त्रं टाकली. दुसऱ्याच दिवशी मॅनेजर वही घेऊन माझ्याकडे आले. मी एकटी, दोन गल्ल्या सोडून राहते.

"बाई, तुम्हीही यादीत आहात."

"अहो मॅनेजर, घरची सहल आहे ती."

"तुम्हाला मागे ठेवून दौरा कधी केलाय आपण?"

मी वहिनींची परवानगी घ्यायला गेले, तर त्या हसून म्हणाल्या, "या हो. नाहीतर तिथे एंट्री कोणाची चुकतेय याची काळजी हे कोणासाठी करणार?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी एकच अट. समुद्रासमोर बसायचं. माझ्या शेजारी. खुर्चीत. उभं राहायचं नाही आणि 'आलोच' म्हणायचं नाही."

"ठरलं," मॅनेजर म्हणाले आणि ती अट वहीत लिहून घेतली. माझ्या मते तिथेच काहीतरी बिनसलं. लिहून घेतलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी करायची गोष्ट, अशी त्यांची जन्माची सवय.

महिनाभर वही भरत होती. मग एका रविवारी सकाळी रंगीत तालमीचं बोलावणं आलं. मी गेले तर दिवाणखान्यात खडूने विमान काढलेलं. तीन खुर्च्या पुढे, दोन मागे. गॅलरीत दोन कुंड्या, त्या नारळाच्या झाडांच्या जागी. भिंतीवर सात दिवसांचं वेळापत्रक.

मी चष्मा लावून वाचलं. "सात वाजता समुद्र पाहणे. सात वीस, समुद्रात पाय. सात चाळीस, पाय कोरडे करणे." संध्याकाळच्या रकान्यात होतं, "सहा दहा, सूर्यास्त. सर्वांची तोंडं पश्चिमेकडे. घाई करू नये."

"बाबा," सूनबाई अदबीने म्हणाली, "मंगळवारी साडेचार ते पाच 'मनाला येईल तिकडे भटकणे' असं लिहिलंय."

"हो मग! मोकळा वेळ हवाच."

बॅगा उचलून आम्ही पाचही जण बोळातून विमानात शिरलो. मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात पुढे बसली. मागे खऱ्या खिडकीला लागून वहिनी, मोठ्या काठाची नवीकोरी टोपी घालून, आणि त्यांच्या शेजारी मी. मॅनेजर दाराशी उभे राहिले. घंटा वाजली.

"विमान हललं!"

आम्ही थोडे मागे झुकलो. मी जरा जास्तच झुकले. सवय, दुसरं काय.

"आजोबा, मला बाथरूमला जायचंय," नात म्हणाली.

"संहितेत नाही. विमान स्थिर होऊ दे, मग जा."

"पण खरंच लागलीये!"

"तालमीत सगळं खरंच असतं," मॅनेजर म्हणाले, पण पोरीसाठी विमान पाच मिनिटं आधी स्थिर केलं. तालीम झकास झाली. चढायला अकरा मिनिटं, उतरायला नऊ. मॅनेजर खूश होते. आम्ही सगळे खुर्च्यांत आणि ते दाराशी उभे, यात आम्हा कोणालाच काही वावगं दिसलं नाही. आयुष्यभर तेच तर पाहत आलो होतो.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी पाकिटं वाटली. दौऱ्याची जुनी पद्धत. प्रत्येकाच्या नावाचं पाकीट आणि त्यात तिकीट, वेळापत्रकाची प्रत, खोलीचा क्रमांक. माझ्या पाकिटात घशासाठी खडीसाखरेची पुडीही होती. वहिनींच्या पाकिटात उशीच्या उंचीची चिठ्ठी, हॉटेलात दाखवायला. सूनबाईला अर्धा तास जास्त झोप मंजूर झाली होती. ती चक्क पाया पडली.

नातीने सगळी पाकिटं मोजली. "आजोबा, तुमचं?"

"माझं कसलं?"

"पाकीट. तिकीट."

मॅनेजरांनी वही काढली. बोट यादीवरून खाली उतरलं आणि पाचव्या नावावर थांबलं. मग परत वर गेलं, परत खाली आलं. तिकिटांच्या कार्यालयात "एकूण किती जण?" असं विचारल्यावर त्यांनी कलाकार मोजले होते. पाच. चाळीस वर्षं ते असेच मोजत होते.

त्यांनी वही मिटली. मग ते अगदी सहज म्हणाले, "हरकत नाही. तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो."

"कशातून?" वहिनींनी विचारलं. "बेटावर सेटचा ट्रक जात नाही."

मुलाने लगेच फोन लावला. बेटावर जाणारं विमान लहान, एक जागा शिल्लक नाही. पुढली मोकळी जागा आम्ही परतायच्या दिवशी. मी उठून उभी राहिले. अशा प्रसंगी काय करायचं हे मला दुसरं काय शिकवलंय? उजवा हात छातीशी, डावा खिडकीकडे. "माझी जागा मॅनेजरांना द्या! मी आयुष्यभर पुढच्या गाडीतून गेले, आता एकदा मागे राहते!" आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. नातीने टाळ्या वाजवल्या. मुलाने फोनवर हात ठेवला आणि ओशाळून म्हणाला, "बाई, ते म्हणतायत तिकिटावरचं नाव बदलता येत नाही." माझा त्याग नियमात बसत नव्हता. मी खाली बसले.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा ना. ह्यांना तुमच्या घशाची खडीसाखर आठवली. माझी उशी आठवली. नवरा कुठे ठेवलाय, ते आठवलं नाही." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांनी ती मोठी टोपी काढून खुंटीला अडकवली. "मी जात नाही."

"अगं, असं काय करतेस? तुझ्यासाठी तर सगळं!"

"माझ्यासाठी एकच गोष्ट होती. ती वहीत आहे. बघा सापडते का."

"पण प्रयोग रद्द होत नसतो!"

"होऊ द्या की प्रयोग. नायिका आजारी पडली म्हणून सांगा."

मॅनेजर माझ्याकडे वळले. असा प्रसंग आला की बदली नटी उभी करायची, हे त्यांना ठाऊक होतं. बदली बायको मिळत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटायला थोडा वेळ लागला.

तर आम्ही चौघं गेलो. बेट छान होतं. नारळाची झाडं कुंड्यांपेक्षा उंच होती. वेळापत्रक पहिल्या दिवशी सात वीसला भिजलं आणि मग कोणी काही पाळलं नाही. सूनबाई नऊपर्यंत झोपायची. दोन दिवस ढग होते, त्यामुळे सूर्याची एक्झिट दिसलीच नाही. तरी सहा दहा झाले की नात आम्हा सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे करायची. "आजोबांना काय सांगू मग?" म्हणायची.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. मला वाटलं, पहिला प्रश्न वेळेचा येईल.

"काय चाललंय मॅनेजर?"

"काही नाही. बसलोय."

"कुठे?"

"विमानात," असं म्हणून ते हसले. मागून वहिनींचा आवाज आला, "फोन ठेवा. चहा गार होतोय."

परतल्यावर बॅग घरी टाकून मी आधी तिकडेच गेले. बेल वाजवली. एरवी बेलवरून बोट उचलायच्या आत मॅनेजर दार उघडत. आज आतून नुसता आवाज आला, "बाई, दार लोटलेलंच आहे. या."

दिवाणखान्यात खडूचं विमान तसंच होतं, पाय पडून पडून पुसट झालेलं. पुढच्या तीन खुर्च्या जेवणाच्या टेबलाशी परत गेल्या होत्या. मागच्या दोन खिडकीशी होत्या. खिडकीच्या बाजूला वहिनी, घरातल्या घरात ती टोपी घालून. शेजारी, माझ्या जागेवर, मॅनेजर. पर्स जमिनीवर. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरची पाण्याची निळी टाकी दिसत होती.

"बसा ना," वहिनी म्हणाल्या. "मात्र खुर्ची तुमची तुम्हाला आणावी लागेल. हे उठत नाहीत."

मी खुर्ची ओढून आणली. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत प्रथमच. बसताना नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, मग माझ्या मनगटाकडे.

"मॅनेजर, तुमचं घड्याळ मागे पडलंय."

"चार मिनिटं," ते म्हणाले. "पाच दिवस बघतोय."