पुष्पाकाकूंनी ऐकलेला पट

पुष्पाकाकूंनी बैलांच्या शर्यतीचा एकही शंकरपट पाहिलेला नव्हता, पण लाखनीच्या आसपास पळणारी प्रत्येक बैलजोडी त्यांना नावानं ठाऊक होती. पटाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरायचं आणि त्या सकाळपासून चुलीपुढे असायच्या. तलावापलीकडच्या मैदानात त्यांचे यजमान, पुंडलिकराव, माइकवर. कोणती जोडी आली, मालक कुठला, जोडी हाकणारा धुरकरी कोण, किती सेकंदांत पळाली, सगळं ते कागदाशिवाय सांगत. वीस वर्षांत एक नाव चुकलं नव्हतं. काकू वडे थापता थापता पट ऐकायच्या. भोंग्यातून "सुटली, सुटली" आलं की त्यांचेही हात झपाझप चालायचे.

गेल्या वर्षी पटाच्या सकाळी पुंडलिकराव पटाच्या मंडळातल्या इश्वरभाऊंच्या कारनं लाखनीहून माइकची बॅटरी घेऊन येत होते. हायवेवर पुढचा ट्रक एकाएकी थांबला. इश्वरभाऊंनी कार वळवली, ती दुभाजकावर आदळली आणि पुंडलिकरावांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. काच फुटली नाही, रक्ताचा थेंब नाही, टेंगूळसुद्धा नाही. ते थोडा वेळ सुन्न बसले, पाणी प्यायले. एक उलटी झाली, तिचा दोष त्यांनी उपाशीपोटी घेतलेल्या चहाला दिला. अकरा वाजता ते मंचावर होते. घरी कुणी काही कळवलं नाही.

पहिला तास नेहमीसारखा गेला. मग भोंग्यातून आसगावच्या परसरामभाऊंची जोडी पुकारली गेली, बादल आणि बिजल्या. थोड्या वेळानं पुन्हा तीच. तिसऱ्यांदा पुकारली तेव्हा मैदानात हशा उठला. ओसरीवरचे पाहुणेही हसले. भाऊजींनी आज सकाळीच घेतली वाटते, असं एकजण म्हणाला.

काकू हसल्या नाहीत. बिजल्या दिवाळीतच मेला होता, आणि ती बातमी आली त्या दिवशी पुंडलिकराव जेवले नव्हते. शिवाय प्यायलेला माणूस आवाज चढवतो. हा आवाज बुडत चालला होता.

कढई तशीच ठेवून त्या निघाल्या. तलावाच्या पाळीवर एक चप्पल निसटली, दुसरी त्यांनीच भिरकावली. मैदानात धूळ, घुंगरं, हजारो माणसं. मंच पलीकडच्या बाजूला होता. काकू सरळ धावपट्टीत उतरल्या. जोडी सुटायच्या बेतात होती. झेंडीवाल्यानं वर नेलेला हात तसाच धरला, धुरकऱ्यानं कासरे ओढले, बैल फुरफुरत जागीच नाचले.

मंचाच्या पायरीशी इश्वरभाऊ उभे होते. सकाळी काय झालं, एवढंच काकूंनी विचारलं.

"कारचा धक्का बसला होता, वैनी. पण रक्त नाही निघालं."

काकू वर चढल्या. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि माइकमधूनच विचारलं, "कोन्या गावची जोडी हाये, बाई?"

मैदान पुन्हा हसलं. काकूंनी पिठानं भरलेल्या हातांनी माइक काढून घेतला.

"हासू नोका. हे पिऊन नाही हायेत. यायच्या डोक्याले मार लागला हाये. कोनाची गाडी उभी हाये, ते सांगा."

मग बैल आणलेल्या पिकअप एकामागून एक सुरू झाल्या. सगळ्यांच्या आधी मंचाशी येऊन लागली ती परसरामभाऊंची.

भंडाऱ्याच्या स्कॅनमध्ये दिसलं, कवटी शाबूत होती. मेंदू मात्र आतल्या आत हादरला होता, तिथं रक्त साचून त्याचा दाब वाढत होता. बाहेर जखम नाही म्हणून आत काही नाही असं समजू नका, डॉक्टर म्हणाले. आणखी दोन तास गेले असते तर बोलायला काही उरलं नसतं. संध्याकाळपर्यंत नागपुरात ऑपरेशन झालं.

माणूस वाचला, नावं हरवली. उजेड टोचायचा, लहानशा आवाजानं चिडचिड व्हायची. काकू रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता एकेका बैलाचं नाव घ्यायच्या आणि गाव विचारायच्या. उन्हाळ्यात चार जमली. दिवाळीत चाळीस.

यंदा मंडळानं पुंडलिकरावांना पुकारायला फक्त दहा जोड्या दिल्या. कागद त्यांनी घेतला नाही. काकू पहिल्यांदाच पट पाहायला आल्या, मंचासमोर बसल्या. नऊ जोड्या पुकारल्या गेल्या, नऊ पळाल्या. काकूंनी एकही पाहिली नाही. त्यांची नजर यजमानांच्या ओठांवर होती.

"आता येत आहे आसगावच्या परसरामभाऊंची जोडी. बादल आणि..."

आवाज थांबला. झेंडी वर होती. पुंडलिकरावांची नजर मैदानावरून फिरत काकूंवर आली. बिजल्याच्या जागी आलेल्या नव्या बैलाचं नाव काकूंच्या जिभेवर होतं. त्यांनी पदर तोंडाशी घट्ट दाबला आणि मान हलवली, सांगणार नाही.

बादल खूर आपटत होता.

"आणि तुफान."

झेंडी पडली. काकूंनी मान वळवली. धुळीच्या लोटातून दोन पांढरी, शिंगं उगारलेली डोकी अंगावर आल्यासारखी मोठी होत गेली आणि वाऱ्यासारखी समोरून निघून गेली. वर भोंगा ओरडत होता, "सुटली, सुटली", आणि काकू उभ्या राहिल्या होत्या.