समोर कोणी नसताना

लुकलुक जोशी एकटे राहायचे, पण बाहेरून बघणाऱ्याला त्यांचं घर भरलेलं वाटायचं. अंधार पडला की आधी स्वयंपाकघरातला दिवा लागायचा, मग जिन्यातला, मग वरच्या बेडरूमचा, आणि तो लागला की खालचा विझायचा. जोशी तेव्हा ऑफिसातच असायचे. घरातल्या प्रत्येक प्लगला त्यांनी टायमर लावले होते. मी एकदा विचारलं, "चोरांसाठी ना हो, भावजी?" तर म्हणाले, "छे हो वहिनी, माझ्यासाठी. कामावरून येताना लांबून दिवा दिसला की घरी कुणीतरी आहे असं वाटतं." असलं काही ते इतक्या साधेपणानं सांगायचे की मला आधी राग यायचा आणि मग रडू.

त्यांची बायको, सुमनताई, इथे इंग्लंडला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात आजारपणात गेली. मूलबाळ नाही. "परत का जात नाही?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तिला इथे सोडून कसा जाऊ?"

आमच्या मिल्टन कीन्सच्या मंडळात जोशी दोन. एक दातांचे जोशी, म्हणजे डेंटिस्ट, ते मंडळाचे चिटणीसही होते. दुसरे हे. गणपतीच्या मखराला दिवे यांचेच, म्हणून लुकलुक. दिवे तरी कसे! एक पेटला की शेजारचा मंदावायचा, प्रकाश बाप्पाभोवती निरांजन ओवाळल्यासारखा फिरायचा आणि मधोमध येऊन थांबायचा. आरती सुरू झाली की बारीक घंटा वाजायची. वर्षभर हा माणूस कुणाकडे फारसा जात-येत नसे, पण गणपतीचे ते दिवस नवा शर्ट घालून हॉलमध्ये सकाळपासून हजर. तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं, हे मला दिसत होतं.

नोकरी कसली, तर "कॉम्प्युटर." त्या काळात निम्मं मिल्टन कीन्स कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यामुळे पुढे कुणी विचारलं नाही. मला मात्र एकदा चहा पिताना त्यांनी सांगून टाकलं. पबमध्ये कोपऱ्यात उभी असतात ती नाणं टाकून खेळायची फ्रूट मशीन्स त्यांची कंपनी बनवायची. "पूर्वी आत स्प्रिंगा, खटके आणि दात्यांची चाकं असायची, वहिनी. आता प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक चिप. तुम्ही बटण दाबलं की काय लागणार ते चिपनं ठरवलेलं असतं. चाकांवरची चेरी आणि लिंबं नंतर फिरतात ती नुसती वाट बघायला लावायला."

"आणि तुम्ही त्यातलं काय करता?"

"समोर कोणी नसताना मशीननं काय करायचं, ते माझं काम." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. "दिवे लावायचे, थोडी धून वाजवायची, बोलवायचं. कोणी नाही आलं तर गप्प बसायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा बोलवायचं. रुसायचं नाही. मशीनला रुसवा परवडत नाही."

स्वतः त्यांनी कधी त्यात नाणं टाकलं नाही. "हलवायानं आपली मिठाई खाऊ नये," म्हणायचे. पबमध्ये गेले की ज्यूस घेऊन लांबून बघत बसायचे, दिवे बघून कोण वळतंय आणि कोण नुसताच पुढे जातोय.

मखराचा बोर्डही अशाच एका जुन्या मशीनमधून काढलेला होता. त्यात एक खोड होती. वीज दिली की तो आधी आपली जुनी धून वाजवायचा आणि मगच जोशींनी शिकवलेलं ऐकायचा. घंटेसाठी स्पीकर तर हवाच, म्हणून ते सगळ्यांच्या आधी येऊन एकटेच स्विच ऑन करून ठेवायचे. एका वर्षी ऐन आरतीत किचनमधल्या बायकांनी चहाचा मोठा बॉयलर लावला आणि हॉलचा फ्यूज उडाला. लाइट परत आले, आणि 'जय देव जय देव'ला घंटेच्या ऐवजी मखरातून दणक्यात टुंडुंग टुंडुंग! सगळे दिवे नाचायला लागले. माझी सात वर्षांची कन्या टाळ्या पिटत ओरडली, "आई, बाप्पानं जॅकपॉट दिला!"

सगळा हॉल हसला. जोशीही हसले बिचारे. मग दातांच्या जोशींनी विचारलं, "हे काय आहे?" खोटं बोलणं त्या माणसाला जमतच नव्हतं. "फ्रूट मशीनचा बोर्ड. आमच्या कंपनीचा. मी तेच करतो."

"देवापुढे जुगाराचं मशीन? अहो, तुम्हाला काही वाटतं का?"

मी तिथेच म्हटलं, "दिवाळीत तुमच्या घरी तीन पत्ती रंगते तेव्हा कुठे जातो हो तुमचा देव?" नवऱ्यानं माझा हात दाबला, पण मी कसली गप्प बसतेय! भांडण झालं खरं, उपयोग शून्य. जोशींनी प्रसाद घेतला आणि शांतपणे एकेक दिवा उतरवला. बोर्ड माझ्या गाडीत ठेवत म्हणाले, "तुमच्या गराजमध्ये राहू दे, वहिनी. घरी नेला तर बघवणार नाही."

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. मी घरी जाऊन खूप सांगितलं. "मशीनला रुसवा परवडत नाही म्हणता, आणि स्वतः?"

"रुसलो नाही हो. पण बोलवायचं काम त्या बाजूचं आहे ना? चिटणिसांनी एक फोन केला तरी मी धावत येईन."

मग मी दातांच्या जोशींचं डोकं खाल्लं. वर्षभर! मंडळाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तोच विषय. शेवटी तेही विरघळले. माणूस वाईट नव्हता, ताठ होता इतकंच. म्हणाले, "फोन कशाला, मी स्वतः जाऊन बोलावतो."

गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तणतणत माझ्याकडे आले. "काल संध्याकाळी बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. घरात आहेत की! मी उभा असताना जिन्यातला दिवा लागला, वरचा लागला, स्वयंपाकघरातला घालवला. दार उघडलं नाही. एवढा माज?"

"अहो, ते दिवे टायमरवर आहेत!" माझ्या तोंडून किंचाळीच निघाली.

शेजारच्या बाईंकडे किल्ली होती. जोशी खुर्चीत बसलेले होते. हार्ट. डॉक्टर नंतर म्हणाले, बरेच दिवस झाले असावेत. शेजारच्या बाई रडत म्हणत होत्या, रोज दिवे दिसायचे, मला वाटायचं ठीक आहेत. आम्ही अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत उभे होतो तेव्हा अंधारून आलं आणि स्वयंपाकघरातला दिवा आपला आपण लागला. दातांचे जोशी स्विचपाशी गेले, पण त्यांनी तो विझवला नाही.

त्या वर्षी माझ्या गराजमधला बोर्ड दातांच्या जोशींनीच मखराला लावला, सगळे जमल्यावर. "स्पीकरची वायर काढून ठेवू का?" कुणीतरी विचारलं. "राहू दे," ते म्हणाले आणि स्विच दाबला. टुंडुंग टुंडुंग करत धून हॉलभर वाजली. यंदा कुणी हसलं नाही. मग ती थांबली, दिवे मंदावले आणि सावकाश बाप्पाभोवती फिरू लागले. दातांच्या जोशींनी दाराकडे तोंड करून हात जोडले.

"या जोशी," ते म्हणाले, "आरतीला उभे राहा."